उणे २९ ला सुसाट, अधिक ३३ ला घसरगुंडी: अलास्काचे सात दिवस

सुरुवातीलाच सांगून ठेवते, हे अरोराचं, म्हणजे रात्रीच्या आकाशातल्या त्या रंगीत ध्रुवीय प्रकाशाचं, वर्णन नाहीये. अरोरा दिसला, मस्त दिसला, फोटो सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवून झालेत. हे रस्त्याचं आहे. (तापमानाचे आकडे तिकडच्या फॅरनहाइटमध्ये, त्यात पाणी ३२ ला गोठतं.) अँकरेज ते फेअरबँक्स आणि परत, पार्क्स हायवे, एका बाजूने साधारण ३६० मैल, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, भाड्याची एक एसयूव्ही आणि आम्ही तिघं: मी, नवरा आणि माझा मोठा भाऊ. दादा मिनेसोटात असतो, बारा विंटर काढलेत त्याने तिकडे आणि ते तो कुणाला विसरू देत नाही. आम्ही दोघं कॅलिफोर्नियावाले, आमच्याकडे नुसता पाऊस आला तरी लोक भांबावतात, त्यामुळे ड्रायव्हिंग खातं दादाकडे हे न बोलताच ठरलेलं.

दिवस पहिला

अँकरेजला संध्याकाळी उतरलो. गाडी घेतानाच पहिली माशी शिंकली. मी बुकिंग करतानाच स्टडेड टायर मागितले होते, म्हणजे रबरात धातूचे बारीक खिळे असतात ना ते, अलास्काच्या उत्तर भागात १६ सप्टेंबर ते ३० एप्रिल ते चालतात. काउंटरवरच्या मुलाने शांतपणे सांगितलं की ते आज नाहीयेत, हे टायर पण चालतील. ईमेल दाखवला तर तो म्हणे रिक्वेस्ट होती, गॅरंटी नव्हती. दादा म्हणाला चल गं, मिनेसोटात आम्ही स्टड वापरतच नाही. (तिथे स्थानिक गाड्यांना ते कायद्यानेच बंद आहेत, हे त्याने नंतर कबूल केलं.)

गाडीच्या पुढच्या जाळीतून एक वायर लोंबत होती, टोकाला साधा थ्री-पिन प्लग. नवरा म्हणाला ही शेपटी पुढून का आलीय. तो ब्लॉक हीटर. इंजिन रात्रभर गरम ठेवायला गाडी चक्क भिंतीला प्लग करायची.

दिवस दुसरा

सकाळी वॉसिलाला सामान घेतलं. फावडं, गाडी ओढायचा पट्टा, मेणबत्त्या, काडेपेटी, दोन जाड स्लीपिंग बॅग, उणे ४० पर्यंत न गोठणारं वॉशर फ्लुइड. नवऱ्याचं तोंड बिल बघून वाकडं झालं पण गप्प बसला. तलकीटनाच्या फाट्यानंतर फोनला रेंज मधूनमधूनच आणि पुढे तर मैलोनमैल काहीच नाही, त्यामुळे गाडी बंद पडली तर आपली खोली म्हणजे ती गाडीच.

दिवस मात्र लखलखीत निघाला. डेनाली पूर्ण उघडा, २०,३१० फूट, एकही ढग नाही. असला मोठा डोंगर बघून नवऱ्याला पण शब्द सुचेनात, हे फार क्वचित होतं. हरिकेन गल्चचा पूल, मग ब्रॉड पास, दोन्हीकडे डोंगर आणि मधे सपाट पांढरं मैदान, वारा शून्य. पुढे कँटवेल, डेनाली पार्कचं गेट, हीली, नेनाना. नेनानात गोठलेल्या नदीवर लाकडी तिवई उभी करतात आणि बर्फ कधी फुटेल त्याची अचूक वेळ सांगायची पैज लावतात लोक, १९१७ पासून चालू आहे. आम्ही पण लावणार होतो, राहिलंच.

रस्त्यावर घट्ट दाबलेला बर्फ होता आणि मी हँडल धरून बसलेले, पण गाडी खरंच कुठे हलली नाही. पंचावन्नच्या स्पीडने आरामात. दादाने तेव्हाच सांगितलं, "अगं थंडी जितकी कडक तितकी बर्फावर पकड चांगली. घसरायला वर पाण्याचा पातळ थर लागतो. उणे वीसला बर्फ कोरडा, वाळूसारखा." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्याला स्वतःला ते लक्षात राहिलं असतं तर मी हे लिहितच नव्हते बसले.

दिवस तिसरा

फेअरबँक्स, सकाळी उणे २९ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३४ सेल्सिअस. नाकातले केस कडक होतात हे ऐकलं होतं, ते खरं आहे, पहिल्याच श्वासाला कळतं. गाडी रात्रभर प्लगवर होती म्हणून एका दमात सुरू झाली, पण पहिला अर्धा मैल चौकोनी चाकांची बैलगाडी चालल्यासारखी धडधडत होती. टायर ज्या बाजूवर उभे असतात तिथे चपटे होऊन तसेच गोठतात, चालवून गरम झाले की गोल होतात. सखल भागात गाड्यांच्या आणि चिमण्यांच्या वाफेचं धुकं साचलेलं, आइस फॉग म्हणतात, हवेत बर्फाचेच कण. खाली थंड हवा, वर त्यापेक्षा गरम, त्यामुळे ते धुकं वर जाऊच शकत नाही.

रात्री चेना हॉट स्प्रिंग्ज रोडवर गेलो, अरोरा बघितला, दोन वाजले. बस.

दिवस चौथा

मोटेलच्या मालकीणबाई, सत्तरीच्या असतील, कॉफी ओतता ओतता म्हणाल्या की गरम होणार आहे, तुम्ही निघणार कधी? मला आधी वाटलं त्या आनंदाची बातमी देतायत. उणे २९ वरून थेट ३२ च्या आसपास, म्हणजे कोट काढून फिरता येईल! नवऱ्याने तर यस्स केलं. बाई हसल्या नाहीत.

मग मी फोनवर नॅशनल वेदर सर्व्हिसचं पान उघडलं. विंटर स्टॉर्म वॉच लागलेला. हे वॉच, वॉर्निंग, ॲडव्हायजरी प्रकरण मला कायम गोंधळात टाकायचं तर माझ्यापुरतं मी असं बसवलंय: वॉच म्हणजे स्थळ बघून झालंय, पत्रिका जुळतेय, एक-दोन दिवसांत कळेल. वॉर्निंग म्हणजे तारीख ठरली, हॉल बुक झाला, आता येणारच. ॲडव्हायजरी म्हणजे घरातल्या घरात साखरपुडा, गैरसोय होईल पण निभेल. दादा म्हणाला वॉच तर आमच्याकडे दर आठवड्याला असतो.

पण त्या पानात खाली व्हॉट, व्हेअर, व्हेन, इम्पॅक्ट्स असं सगळं तोडून लिहिलेलं असतं आणि लोक वरची नुसती हेडलाइन वाचतात, मी पण तशीच. खरी गंमत व्हेअरमध्ये आहे. आपल्याला रस्ता एकच दिसतो, हवामान खात्याला त्याचे तुकडे दिसतात. पार्क्स हायवेचा दक्षिणेचा भाग अँकरेजचं ऑफिस बघतं, उत्तरेचा फेअरबँक्सचं. म्हणजे एका प्रवासासाठी दोन ऑफिसांचे इशारे वाचायचे. आमच्या रस्त्यावर उत्तरेला फ्रीझिंग रेन आणि मधल्या डोंगरात १२ ते १८ इंच बर्फ अधिक वारा, दोन वेगळी संकटं, मूळ एकच.

मूळ असं की दक्षिणेकडून समुद्रावरची ओली, उबदार हवा येते आणि अलास्का रेंजला धडकते. चढताना तिच्यातला बराचसा ओलावा दक्षिणेच्या उतारावर आणि खिंडीत बर्फ होऊन पडतो. डोंगर ओलांडून ती इकडे खाली उतरते तेव्हा दाबली जाते आणि दाबली की तापते, हजार मीटरला साधारण दहा अंश सेल्सिअस. या गरम वाऱ्याला चिनूक म्हणतात. मग वर गरम हवा, खाली महिनोनमहिने गोठलेली जमीन. उरल्यासुरल्या ओलाव्याचा पाऊस पडला तर तो पाणी म्हणून येतो आणि रस्त्याला लागल्या क्षणी काच होतो.

बाईंनी २०२१ चं सांगितलं. २६ डिसेंबरला भर हिवाळ्यात फेअरबँक्समध्ये पाऊस पडला, वरून बर्फ, मग परत कडक थंडी. अलास्काच्या रस्ते खात्याने स्वतःच त्याला आइसमगेडन नाव दिलं. मीठ टाकावं तर इतक्या थंडीत मीठ कामच करत नाही, वाळू-खडी टाकून नुसता खरखरीतपणा आणायचा. तो बर्फ रस्त्याला सिमेंटसारखा चिकटला होता, चौकाचौकात वसंतापर्यंत होता म्हणाल्या.

आमचं परतीचं विमान शनिवारी रात्री, अँकरेजहून. त्या दिवशी गुरुवार. बाई म्हणाल्या, आज दुपारीच निघा नाहीतर रविवारपर्यंत माझ्याकडे राहा. दोन्ही पर्याय सरळ होते. आम्ही तिसरा निवडला.

दिवस पाचवा

पहाटे वॉचची वॉर्निंग झालेली. डोंगरात दुपारी बारापासून, फेअरबँक्सकडे तीनपासून. दादाचं गणित: सहाला निघू, अकराच्या आत ब्रॉड पास पार, वादळ आपल्या पाठीमागे. गणित चुकीचं नव्हतं हो. पण आदल्या रात्री "शेवटचा अरोरा" म्हणून परत जागलो, सहाचे साडेआठ झाले आणि वॉर्निंगमधली वेळ म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल नसतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. बारा म्हणजे बारालाच सुरू होईल असं आम्ही धरून चाललेलो.

निघताना गाडीत ११ दाखवत होतं. हवा छान वाटत होती, खरंच छान, मी खिडकी थोडी खाली केली. नेनानाला २२. तिथे टाकी भरली (अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही हा नियम तेवढा पाळला). पंपावर एक पिकअपवाला आमच्या टायरकडे बघून मग आमच्याकडे बघून गेला. पुढे २७. मग ३०. मी मागच्या सीटवरून आकडे वाचत होते, नवरा म्हणाला कॉमेंट्री बंद कर. अँडरसनच्या फाट्याच्या पुढे काचेवर बारीक ठिपके यायला लागले. वायपर फिरला, ठिपके पुसले गेले नाहीत, पसरले आणि तिथेच बसले. आकडा ३३.

तुम्ही म्हणाल ३३ म्हणजे गोठणबिंदूच्या वर, मग काय झालं. हवा वर होती. रस्ता नव्हता. आठवडाभर उणे २५-३० मध्ये पडलेलं डांबर दोन तासांच्या वाऱ्याने थोडंच गरम होतं, ते आतून अजून फ्रीझरच होतं. गाडीतलं थर्मामीटर हवेचं सांगतं आणि आम्ही ते रस्त्याचं समजून वाचत होतो.

वळण म्हणावं असं वळणसुद्धा नव्हतं ते. हलका उतार आणि रस्ता जरा डावीकडे. दादाने ब्रेक मारला नाही, त्याला तेवढं येतं, नुसता पाय काढला. आणि गाडी सरळच चालत राहिली. स्टिअरिंग डावीकडे, गाडी सरळ, आवाज नाही, धक्का नाही, टायरची ती कायमची घरघर एकदम बंद. ती शांतता मला अजून आठवते. अपघात असा गोंगाटात होतो असं मला वाटायचं, इथे कुणीतरी आवाजच म्यूट केला आणि आम्ही तिघं अगदी सभ्यपणे रस्ता सोडून कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन बसलो. भप्प. चिवड्याचा डबा पुढे डॅशबोर्डवर.

कुणाला काही झालं नाही. दादाने दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवलेले आणि म्हणाला, "आपण थांबलो का?"

उतरलो तर उभंच राहता येईना, नवरा दार धरून बाहेर आला आणि दारासकट बसला. मी पहिलं काम केलं ते मागे सरपटत जाऊन सायलेन्सरचं तोंड मोकळं केलं, कारण तो बर्फात रुतलेला असताना हीटर लावून बसलात तर धूर आत येतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप लागल्यासारखं वाटतं आणि संपलं. हे मी आदल्या रात्री वाचलेलं एकमेव कामाचं वाक्य. फोनला रेंज नाही. इंजिन मधूनमधून चालू-बंद करत स्लीपिंग बॅगा पांघरून बसलो. त्या बिलाबद्दल नवरा पुन्हा कधी बोललेला नाही.

चाळीस मिनिटांनी एक पिकअप आला, स्टडेड टायर, वीसच्या स्पीडने, टकटकटक आवाज करत. तो पंपावरचाच माणूस. काही लेक्चर नाही, काही नाही, पट्टा तेवढा मागितला (आमच्याकडे होता!), हुक लावला, दोन झटक्यांत बाहेर. दादाने पैसे पुढे केले तर हात हलवून नको म्हणाला. एवढंच म्हणाला की हीलीला थांबा, पुढे जाऊ नका, मी तुमच्या मागे राहतो. उरलेलं अंतर आम्ही पंधरा-वीसने काटलं, उजवी चाकं रस्त्याच्या कडेच्या खरखरीत बर्फावर ठेवून. मागे त्याचे दिवे. तास दीड तास गाडीत कुणी बोललं नाही. हीलीत खोली मिळाली, एकच, तिघांना, मी जमिनीवर झोपायला पण तयार होते.

दिवस सहावा

हीली. वाऱ्याने खिडकीची चौकट रात्रभर वाजत होती. सकाळी बाहेर ३६, छपरावरून पाणी गळतंय, पार्किंग लॉट म्हणजे ओला आरसा. तिथपासून जेमतेम चाळीस मैलांवर कँटवेल आणि पुढे ब्रॉड पास, तिकडे आडवा बर्फ. अलास्काच्या ५११ वर, म्हणजे रस्त्यांची माहिती देणाऱ्या सरकारी साइटवर, रस्त्याचे कॅमेरे दिसतात, ब्रॉड पासचा कॅमेरा उघडला तर पांढरा चौकोन. नवरा म्हणाला लोड होत नाहीये. लोड झालेला होता, तेच चित्र होतं.

ज्या खिंडीतून चार दिवसांपूर्वी मी डोंगरांचे फोटो काढत गेले तीच ही. दादाचं गणित जमलं असतं आणि आम्ही वेळेत निघून, न घसरता, तिथे पोचून मधेच अडकलो असतो तर? हा विचार त्या दिवशी मी बोलून दाखवला नाही. दादा मनात तोच करत होता, दिसत होतं.

विमान कंपनीला फोन, पाऊण तास होल्डवर, तिकीट रविवार रात्रीचं करून मिळालं. दुपारी पत्ते खेळलो. वॉर्निंग दर काही तासांनी नव्याने निघत होती, वेळा बदलत होत्या, आधी रात्री नऊपर्यंत, मग मध्यरात्र, मग पहाट, आणि आता दादा ती पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचा, एखादी पोथी वाचावी तशी. संध्याकाळी पारा खाली यायला लागला. २८, २०, १२. दर अंशाला आम्हाला बरं वाटत होतं. आठवड्याच्या सुरुवातीला थंडी वाढली की कपाळाला आठ्या घालणारे आम्हीच.

दिवस सातवा

सकाळी उणे ४. वॉर्निंग उठलेली, जागी ॲडव्हायजरी, उडणाऱ्या बर्फाची. उजाडल्यावर आणि ५११ वर खिंडीतून प्लाऊ (रस्त्यावरचा बर्फ बाजूला ढकलणारा ट्रक) गेल्याचं बघितल्यावरच निघालो, साडेनऊ. रस्त्यावर खडी टाकलेली, काचेचा थर होता तसाच खाली पण आता कोरडा आणि वर खरखर. टायरचा घरघर आवाज परत आला आणि मला तो इतका गोड वाटला की काय सांगू.

कँटवेलच्या पुढे एक प्लाऊ गाठला, लुकलुकते दिवे, मागे बर्फाचा ढगच ढग. ओव्हरटेक करायचा मोह होतो कारण तो तीसने चाललेला असतो. पण त्या ढगाच्या पलीकडे समोरून काय येतंय ते दिसत नाही, आणि त्याच्या पुढचा रस्ता न साफ केलेला, मग घाई करून जायचं कुठे? दादा लांब अंतर ठेवून मुकाट मागे. थोड्या वेळाने आमच्यामागे गाड्यांची रांग झाली. अलास्कात पाच किंवा जास्त गाड्या मागे खोळंबल्या तर कडेला होऊन वाट द्यायची, कायदाच आहे, पाट्या असतात. मी मोजत होते. पाचवी आली तशी दादाने पहिल्या मोकळ्या जागी गाडी बाजूला घेतली, सगळ्यांना जाऊ दिलं. मिनेसोटाचा उल्लेख नाही.

ट्रॅपर क्रीकच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध मूस, म्हणजे तिकडची अवाढव्य हरणं, आई आणि पिल्लू. कडेला छातीभर बर्फ, त्यात चालण्यापेक्षा त्यांना साफ केलेला रस्ता बरा वाटतो, त्यामुळे मोठ्या बर्फानंतर ते हमखास रस्त्यावर असतात. हॉर्न नाही, काही नाही, दिवे मंद करून दहा मिनिटं बसलो. ती आमच्याकडे अशी बघत होती की तुम्ही इथे का आलायत. प्रश्न रास्त होता.

एरवी हीलीहून साडेचार तासांचा रस्ता, आम्हाला आठ लागले. अँकरेजला गाडी परत करताना काउंटरवाल्याने समोरच्या काचेवर खडीचा टिचका शोधला, तांदळाएवढा, आणि त्याचे पैसे लावले. बर्फाच्या ढिगात घातल्याचं बंपरवर काहीच दिसत नव्हतं. स्टडचा विषय मी काढला, तो म्हणाला फीडबॅक फॉर्म आहे.

विमानं वेगवेगळी, आम्ही दोघं एका दिशेला आणि दादा दुसऱ्या. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, खिडकीतून काढलेला फोटो, अंगणात बर्फ वितळतोय, शेजारी हाफ पँटमध्ये कुत्रा फिरवतोय. खाली लिहिलेलं: "आज ३४ आहे. सगळे खूश आहेत. मी घरून काम करतोय."